जांगडवर आणलेलं घड्याळ

दिवा मालवलास ते बरं केलंस, आशय. उगाच डास येतात. कोमल, ती शाल पायांवर घे, गच्चीवर गार आहे. आणि कुणाल, तुझा तो मोबाइल पालथा ठेव, मध्येच उजेड झालेला मला चालत नाही. गोष्ट म्हणायची आपली एक सवय, पण हे घडलेलं आहे. माझा शाळूसोबती विश्वंभर, त्याच्या बाबतीत घडलं आणि त्याने ते स्वतःच्या तोंडाने मला सांगितलं. सुभानपुऱ्यात राहतो, चांगला हिंडता-फिरता आहे. खोटं वाटलं तर उद्या जाऊन विचारा. सांगणार नाही, ते वेगळं.

तर विश्वंभर त्या संध्याकाळी एक घड्याळ बघायला निघाला होता. एवढंच काम. गेल्या वर्षीची वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस, जानेवारीची पंधरा तारीख, बुधवार. त्या रात्री तुम्ही सगळे याच गच्चीवर तुक्कलचे कागदी दिवे सोडत होतात आणि मी खाली उंधियो खाऊन पोट धरून बसलो होतो. त्याच रात्रीची ही हकीकत.

विश्वंभरला जुन्या घड्याळांचा नाद. साध्या घड्याळांचा नव्हे, पाणबुडे हातावर बांधून पाण्याखाली जातात तसल्या जाडजूड पोलादी घड्याळांचा. बडोद्याला समुद्र नाही. विश्वंभरला पोहता येत नाही. लहानपणी आम्ही सगळे तलावात उड्या टाकायचो, तेव्हा हा काठावर आमचे कपडे राखत बसायचा. कांचनवहिनी म्हणतात, आमच्या घरात बुडायला जागा नाही, पण घड्याळं मात्र बुडणाऱ्यांची. नोकरी सगळी रिफायनरीत झाली, मीटर खरं दाखवतोय की खोटं हे तपासण्याची. ते काम इतकं अंगात भिनलं की माणसांनाही तो मीटरसारखंच बघायला लागला. लोक ताक फुंकून पितात, हा पाणीसुद्धा फुंकून पिणारा. भाजीवाल्याने आपणहून मेथीची जुडी पुढे केली की हा हटकून दुसरी उचलणार. डॉक्टरने प्रकृती उत्तम म्हटलं की याला रात्रभर झोप नाही, हा लपवतोय काय म्हणून.

पण त्याच्या नादात हा स्वभाव उपयोगी पडायचा हे खरं. जुन्या घड्याळांत फसवणूक फार. तबकडी नव्याने रंगवलेली, काटे भलत्याच घड्याळाचे, डबी तिसऱ्याची. असल्या मालाला तो खिचडी म्हणायचा. आणि विकणारा प्रत्येक जण वर एक कहाणी लावून देतो. शुक्रवारी बाजारात जा, तिथलं प्रत्येक घड्याळ कुठल्या तरी बोटीच्या कप्तानाचं निघतं. इतके कप्तान असते तर बडोद्यापर्यंत समुद्र आणला असता त्यांनी. म्हणून विश्वंभरचा नियम असा, की घड्याळ कोणाच्या मनगटावर होतं ते शोधून काढल्याशिवाय ते आपल्या पेटीत ठेवायचं नाही. त्यापायी तो भरूच, खंबायत, कुठे कुठे जाऊन आलाय. मालकाच्या घरी जायचं, जुने फोटो बघायचे, फोटोतल्या मनगटावर तेच घड्याळ दिसलं की मग खरं.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. या घड्याळांना काचेभोवती एक फिरतं कडं असतं आणि त्या कड्यावर एक खूण असते. पाण्यात उतरताना पाणबुड्या ते कडं फिरवतो आणि खूण मिनिटकाट्यावर आणून ठेवतो. मग काटा खुणेपासून किती पुढे गेला ते बघितलं, की आत किती वेळ झाला ते कळतं. हवा संपायच्या आत वर यायचं असतं ना. त्या कड्यावर माणसाचा जीव असतो.

राजवर्धन नावाच्या एका पोराने इंटरनेटवर घड्याळाचा फोटो टाकला होता. गोरव्याला राहणारा, तिथल्याच एका कारखान्यात लेथवर काम करणारा. फोटो बघून विश्वंभरला पहिला संशय आला तो कड्याचा. विकायला काढलेल्या घड्याळाची खूण लोक बाराच्या आकड्यावर सरळ लावून ठेवतात, बघायला बरं दिसतं. ही खूण भलतीकडेच होती, वाकडी. का? कडं जाम झालंय? चिकटवलंय? इथे पाणी मुरतंय, असं म्हणून गडी स्कूटर काढून निघाला. स्कूटरला पुढे तारेची कमान लावलेली, मांजा गळ्याला लागू नये म्हणून. रस्ते रिकामे, सगळं बडोदं गच्च्यांवर. पतंग कापला की 'ए लपेट' म्हणून आरोळ्या चाललेल्या.

गोरव्यातलं घर दोन खोल्यांचं. पणजोबा गायकवाडी फौजेत होते, त्यांचा एक फोटो भिंतीवर, त्याखाली पाण्याचा फिल्टर. राजवर्धनने चहा ठेवला. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. घड्याळ आजोबांचं, तो म्हणाला, श्रीपतरावांचं. ते आत पडलेले असतात, आता उठवत नाही त्यांच्याने. विश्वंभरने विचारलं, आजोबा पाणबुडे होते का. पोरगा म्हणाला, नाही. मही नदीच्या पात्रात शहराला पाणी पुरवणाऱ्या विहिरी आहेत ना, एका कंत्राटदाराची टोळी तसल्या विहिरी साफ करायची. पाणबुडा खाली उतरायचा, आजोबा वर दोर धरून उभे राहायचे.

दोर धरणाऱ्याकडे पाणबुड्याचं घड्याळ कसं आलं, हा विश्वंभरचा पुढचा प्रश्न. त्यावर पोरगा चहा गाळायला उठला.

मग विश्वंभरने खिशातून भिंग काढलं आणि घड्याळाचं मागचं झाकण उघडलं. आत सगळं कोरडं, लख्ख. एकही स्क्रू बदललेला नाही, तबकडी मूळची, काटे मूळचे. चालू घड्याळ, रोज चावी दिलेलं. इतकं निखळ घड्याळ त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि म्हणूनच त्याचा जीव जास्त खालीवर झाला. माल खरा असून पोरगा ताकाला तूर लागू देत नाही, म्हणजे माल चोरीचा असणार.

त्याने तसं तोंडावर विचारलं. राजवर्धन चिडला नाही. हळू आवाजात म्हणाला, "ना काका, चोरीचं नथी. आजोबा रात्री झोपत नाहीत याच्यापायी. मी जन्मलो तेव्हापासून बघतोय. उशाशी घेऊन बसतात आणि बघत राहतात. आता डोळे गेले, तर कानाला लावून बसतात. घरातून गेलं तर झोपतील बिचारे."

आजोबांना न सांगता काढलं होतं त्याने. विश्वंभर म्हणाला, आज जांगडवर नेतो. जांगड ठाऊक आहे ना? आपल्याकडे जुनी रीत आहे, सराफात, कापडात. माल पसंतीला घरी न्यायचा, पटला तर ठेवायचा, नाही तर दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा परत. जसाच्या तसा, हे महत्त्वाचं. राजवर्धन हो म्हणाला. रुमालात घड्याळ बांधून देताना मात्र त्याने एक अट घातली.

"काका, कडं फिरवू नका. आजोबा कोणाला हात लावू देत नाहीत त्याला."

का, ते त्यालाही माहीत नव्हतं.

आता मला सांगा, विश्वंभरसारख्या माणसाला हे सांगायचं असतं का? जिथे हात लावू नका म्हणतात तिथेच खोट असते, हे त्याचं आयुष्यभराचं गणित. गोरव्यापासून सुभानपुऱ्यापर्यंत तो फक्त त्या कड्याचा विचार करत आला.

घरी कोणी नव्हतं. कांचनवहिनी लेकीकडे, दीप्तीकडे, इथेच प्रतापनगरला आलेल्या, उंधियो-जिलेबीचा बेत होता आणि रात्री तिकडेच राहणार होत्या. विश्वंभरने गार पुऱ्या खाल्ल्या आणि टेबलावर दिवा ओढून बसला. दहा वाजले तसे गच्च्यांवरचे भोंगे बंद झाले. आभाळात दोन-चार तुक्कल तेवढे राहिलेले, आणि कुठून तरी कुत्र्याचं भुंकणं.

त्याने घड्याळ रुमालातून काढलं आणि कड्याला बोटं लावली.

घट्ट होतं. जरा जोर दिला. टक्... आणि फिरलं. चिकटवलेलं नव्हतं, मोडलेलं नव्हतं, एक एक दाता मोजून सरकावा तसं फिरत होतं. विश्वंभर खूश झाला. मग जित्याची खोड म्हणतात तशी मीटर तपासणाऱ्याची खोड वर आली. घड्याळ पुढे धावतंय की मागे पडतंय ते बघावं, म्हणून त्याने खूण बरोबर मिनिटकाट्यावर आणून ठेवली, शेजारी मोबाइल ठेवला आणि बघत बसला.

काटा खुणेवरून पुढे सरकला.

थोडा वेळ काहीच नाही. मग त्याच्या डाव्या हाताला हिसका बसला. एकच. मुठीत काही धरलेलं असावं आणि खालून कोणी ते ओढावं, तसा.

हाताकडे बघितलं. हात रिकामा.

डावा हात म्हटल्यावर याने आधी हृदयावर संशय घेतला. रक्तदाबाचं यंत्र काढलं, दाब बघितला, तो बरोबर निघाला, तर यंत्रावर संशय घेतला आणि पुन्हा बघितला. हसू नका, मीही हसलो होतो तो सांगत होता तेव्हा. दुसऱ्यांदा यंत्राचा पट्टा सोडत असतानाच पुन्हा हिसका आला. एकच. आता या वेळी खाली नव्हता. दाराकडे होता.

खोलीत वास येत होता. शेवाळाचा, बंद पाण्याचा.

त्याने राजवर्धनला फोन लावला. घड्याळात काय घालून दिलंस, एवढंच विचारलं, जरा करड्या आवाजात. हाताचं काही बोलला नाही, हे लक्षात ठेवा. पलीकडे पोरगा गडबडला. "काका, कडं फिरवलंत तुम्ही?" म्हणाला. तेवढ्यात मागून कोणी तरी काही म्हटलं, फोन हातातून हातात गेला, आणि एक म्हातारा आवाज आला. फार दिवसांत न वापरलेला आवाज.

"काटा खुणेच्या किती पुढे गेलाय?"

विश्वंभर म्हणाला, तुम्ही कोण, आधी ते सांगा. म्हातारा म्हणाला, श्रीपतराव. आणि मग थांबत थांबत, श्वास घेत घेत सांगायला लागला.

घड्याळ भिखाभाई माछीचं. टोळीतला पाणबुडा, महीच्या काठचाच, जन्म पाण्यात गेलेला. विहिरीच्या तळाला काळोख. तिथे हाताला हात दिसत नाही, मग घड्याळ कसलं दिसणार? म्हणून भिखाभाई उतरायच्या आधी आपलं घड्याळ सोडून श्रीपतरावांच्या मनगटावर बांधायचा आणि कडं स्वतःच्या बोटांनी लावायचा. त्यांच्यात तो दंडकच होता. कडं लावायचं ते उतरणाऱ्याने, आणि पुन्हा हलवायचं ते त्यानेच, वर आल्यावर. तो वर येईपर्यंत दुसऱ्या कोणी त्याला बोट लावायचं नाही. वरच्याने काट्यावर डोळा ठेवायचा आणि दोर धरून उभं राहायचं. एके दिवशी असाच कडं लावून भिखाभाई खाली गेला. वेळ झाली तेव्हा श्रीपतरावांनी दोर ओढला. दोर हलका आला. टोकाची गाठ तशीच होती. गाठीत कोणी नव्हतं.

विहीर उपसली, गळ टाकले. भिखाभाई सापडला नाही, कधीच नाही. कडं हलवायला तो वर आलाच नाही, म्हणून श्रीपतरावांनी ते कधी हलू दिलं नाही. उभं आयुष्य ते घड्याळाला चावी देत राहिले. वाट बघत राहिले, की हिसका येईल आणि आपण ओढू.

"तुम्ही पुन्हा उतरवलंत त्याला," म्हातारा म्हणाला. "आता दोर तुमच्या हातात आहे."

"माझ्या हातात काही नाही."

"मग हिसका कसला बसला?"

विश्वंभरने हिसक्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. आणि पोरांनो, अशा वेळी तुमच्या-माझ्या काळजाचं पाणी झालं असतं. पण संशयी माणसाचं डोकं बघा कसं चालतं. त्याला वाटलं, सापडले! म्हणजे हे सगळं ठरवून चाललंय. नातू घड्याळ दाखवतो, मुद्दाम फिरवू नका म्हणतो, आजोबा रात्री कहाणी ऐकवतो. कहाणी लागली की घड्याळाचा भाव वाढतो. शुक्रवारी बाजारातला कप्तान, तसाच हा भिखाभाई.

श्रीपतराव सांगत होते, एक हिसका आला तर समजायचं, खाली सगळं ठीक आहे. लागोपाठ आले, की ओढायचं.

"आत बघायचं नाही. कोण आहे विचारायचं नाही. ओढायचं. आणि वर येईस्तोवर सोडायचं नाही. मी पाया पडतो तुमच्या. माझ्याच्याने तो आला नाही. तुमच्याने येऊ दे."

म्हातारा रडत होता. विश्वंभरने फोन बंद केला.

दिवा टेबलावर जळत होता. काटा खुणेपासून बराच लांब गेला होता.

आणि हिसके आले. एक... एक... एक... लागोपाठ. दोन्ही हातांना. तो खुर्चीवरून खेचला गेला, दार कसं उघडलं ते त्याला आठवत नाही. अंगणात आला. सुभानपुऱ्यातल्या त्या जुन्या बैठ्या टेनामेंटना अंगणात जमिनीखाली पाण्याची टाकी असते, वर लोखंडी झाकण. हात झाकणाकडे ओढले जात होते.

चंद्र वर आला होता. शेजारच्या तारेवर एक फाटका पतंग लटकत होता. वारा पडलेला... तरी पतंग हलत होता.

त्याने झाकण सरकवलं.

आत काळोख. ती टाकी पुरुषभर खोल, त्याने स्वतः बांधून घेतलेली. त्या रात्री तिला तळ नव्हता, तो म्हणतो. वास आला... तोच. आणि फार खालून, फार लांबून, आवाज. बुडबुड्यांचा. मध्येच थांबणारा.

मग त्याला दया आली. हे त्याने मला सांगितलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते, आणि विश्वंभरचे डोळे भरलेले मी तेव्हा पहिल्यांदा बघितले. त्याला वाटलं, खोटं असेल तर असू दे. खाली कोणी तरी श्वासासाठी तडफडतंय आणि आपण उभे आहोत. त्याने रिकाम्या मुठी वळल्या. मुठीत काही तरी आलं. जाड, ओलं, पिळाचं. दिसत काही नव्हतं.

त्याने ओढलं.

जड होतं. हातावर हात टाकत ओढलं. पाय टाकीच्या कडेला रोवले. अजून ओढलं. खालचा आवाज जवळ आला. पाणी हललं. अजून... वजन वाढत होतं. एका माणसाचं जेवढं असावं त्याच्याहून... त्याला वाटलं, जास्त आहे. पाण्याखाली काही तरी पांढरं आलं. थांबलं.

आणि विश्वंभरने विचारलं, "कोण आहे?"

विचारायचं नाही म्हणून बजावलं होतं. तरी विचारलं.

बुडबुडे थांबले...

इतकी वर्षं पाण्यात असलेलं. भिखाभाईच कशावरून? गाठीत तेव्हा कोणी नव्हतं. मग आता दोराला कोण आहे?

पांढरं काही तरी टाकीच्या कडेवर आलं. बोटं असावीत...

...

पुढचं तो एका दमात सांगतो. म्हणतो, "ओढला. शेवटपर्यंत ओढला. वर आला आणि हलका झाला, वाऱ्यासारखा गेला. सुटला बिचारा." असं म्हणून तो दुसऱ्या विषयाला लागतो. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच, त्याच शब्दांत.

सकाळी जांगडचा माल परत करायला तो गोरव्याला गेला. श्रीपतराव खाटेवर उठून बसले होते. किती महिन्यांनी, ते राजवर्धनलाच ठाऊक. विश्वंभरने घड्याळ त्यांच्या ओंजळीत ठेवलं. म्हाताऱ्याने आवाजाच्या दिशेने तोंड केलं आणि एकच शब्द विचारला.

"आला?"

"आला," विश्वंभर म्हणाला.

श्रीपतरावांनी घड्याळ कपाळाला लावलं. मग चाचपत चाचपत त्यांनी कड्याला बोट लावलं, फिरवलं आणि खूण बारावर सरळ केली. म्हणाले, "तो नाही, तर मी लावतो त्याच्या वतीने." आणि विश्वंभरला हात जोडले. त्या दिवशी दुपारी झोपले ते दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर उठले. घड्याळाला त्यांनी पुन्हा चावी दिली नाही. होळीच्या आधी गेले, अगदी शांतपणे, झोपेत. राजवर्धन अजून विश्वंभरला भेटला की वाकून नमस्कार करतो. आजोबांना तुम्ही सोडवलंत, म्हणतो.

इथे गोष्ट संपायला हवी होती. मीही तसंच समजून घरी आलो असतो. पण विश्वंभरने हे सगळं मला सांगितलं ते चौथ्या दिवशी, त्याच्याच घरी. अंगणात ट्रकभर रेती पडलेली. टाकी बुजवून टाकतोय, गळते, म्हणाला. दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली. मांजा लागला म्हणाला. उत्तरायणानंतर निम्मं बडोदं बोटांना पट्ट्या लावून हिंडतं, तेव्हा कोण कोणाला विचारतो? पण विश्वंभरने जन्मात पतंग उडवला नाही. वहिनी हळदीचा लेप घेऊन आल्या, त्यांना आतून कुकरची शिट्टी ऐकू आली, त्या वाटी माझ्याकडे देऊन गेल्या. मी फडकी सोडली. तो हात मागे घेत होता, मी धरून ठेवले.

मांजा पहिल्या बोटाला लागतो, पात्याने कापल्यासारखा. हे तसं नव्हतं. तळव्यांच्या मांसात काथ्याचे बारीक तंतू रुतले होते. आणि तुम्हाला ठाऊक आहे, मी प्रतापनगरच्या वर्कशॉपात जन्म काढला तो क्रेनवर, साखळ्या आणि दोरांत. दोर ओढून घेणाऱ्याचे हात मी हजार वेळा पाहिलेत. त्यांना तळव्याच्या मध्यावर फोड येतात.

विश्वंभरला फोड नव्हते. दोन्ही हातांची कातडी तळव्यापासून बोटांच्या टोकांकडे सोलत गेली होती. भरल्या वजनाचा दोर सोडून दिला आणि तो हातांतून खाली धावत गेला, की हात तसे होतात.